धवल्यातला कॉर्नेट

एप्रिल लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. आमची इमारत खारघरची. मागच्या बाजूला रस्ता आणि रस्त्यापलीकडे जुनं गाव. गावात मंडप पडले की हळदीच्या संध्याकाळी स्पीकरचा दणका थेट आमच्या काचांवर येऊन आपटतो. मी सोसायटीची सेक्रेटरी. ‘मॅडम, बाळ झोपत नाही.’ ‘मॅडम, उद्या मुलाची एन्ट्रन्स आहे.’ ‘मॅडम, पोलिसांना फोन करू का?’ मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवते : हळद आहे, वेळेत बंद करतील, खिडक्या लावून घ्या. ते पाठवलं की मी जाते आणि स्वतःची खिडकी उघडून उभी राहते.

त्या दणक्यात मी एक आवाज शोधत असते. तो तिथे असणार नाही हेही मला ठाऊक असतं. आता गावातल्या हळदीला सगळं की-बोर्डवर वाजतं. एक बटण दाबलं की सनई, दुसरं दाबलं की ट्रम्पेट. त्या ट्रम्पेटला मधे दम घ्यावा लागत नाही, त्याचे ओठ सुजत नाहीत, आणि वाजवून झाल्यावर नळी उलटी करून त्यातलं पाणी कुणाच्या अंगणात झटकावं लागत नाही. काम चोख. तरी मी उभी राहते. चहा गार होतो, मग आत येऊन मी पुढची कामं हातात घेते.

यंदा कामं खूप आहेत. माझ्या मुलीचं, केतकीचं, मे महिन्यात लग्न आहे. हळद उरणला, माझ्या सासरच्या घरासमोर मंडप घालून. मंडपवाला ठरला, जेवण ठरलं, साड्या आल्या, पाहुण्यांच्या खोल्या झाल्या. मी एका कॉलेजचं ऑफिस सांभाळते. ॲडमिशनच्या दिवसांत खिडकीपुढे शंभर पालक ओरडत असले तरी माझा एक फॉर्म इकडचा तिकडे होत नाही. लग्न म्हणजे तसंच एक काम, नीट वाटून घेतलं की होतं. फक्त एक गोष्ट अडली आहे. केतकीला तिच्या मामाने तिच्या हळदीत कॉर्नेट वाजवायला हवा आहे.

केतकीचा मामा म्हणजे माझा मोठा भाऊ जनार्दन. आम्ही आगरी लोक मोठ्या भावाला दादूस म्हणतो. मी आजही त्याला त्याच नावाने हाक मारते. आणि कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ : लांबीला आखूड, अंगाने गुटगुटीत, आवाजाने मऊ. ‘ट्रम्पेट हाक मारतो, कॉर्नेट बोलतो,’ असं दादूस सांगायचा.

आमचं माहेर घणसोली गावातलं. वडिलांचं मिठागरावर काम. शेती नव्या शहरात गेली, त्यानंतर वडीलही लवकर गेले. दादूस शाळेतून परस्पर गावच्या बँडमध्ये गेला तेव्हा त्याच्या हातात झांज होती. कॉर्नेट त्याला मिळाला तो कुणालाच नको होता म्हणून. उन्हात त्याचा मधला खटका अडकायचा. ऐन वरातीत, नवरा घोड्यावर, आणि खटका खाली गेला तो वर येईना, असं दोन-तीनदा झाल्यावर बँडचे मालक गजूशेठ यांनी तो दादूसच्या अंगावर टाकला. ‘घे. वाजला तर तुजा, नाय वाजला तरी तुजाच.’

मग आमच्या घरात पितळेचा वास सुरू झाला. रॉकेल, चिंच, राख. दादूस अंगणात बसून एकेक नळी सुटी करून धुवायचा. आई मागून ओरडायची, ‘अरे मेल्या, चिंच सगली त्या बाज्याला लावतंस, मी कालवनात काय घालू?’ तो हसायचा. तेव्हा त्याचे पुढचे दोन दात शंखासारखे पांढरे होते. कॉर्नेट वाजवणाऱ्याचा जीव ओठांत आणि त्या ओठांमागच्या पुढच्या दातांत असतो, हे मला खूप उशिरा कळलं.

सराव तो खाडीच्या बांधावर करायचा. घरात करायची सोय नव्हती. एका भिंतीला तीन घरं चिकटलेली. एप्रिलमध्ये मिठागरात पांढरे ढीग लागलेले असत. ऊन त्यांच्यावरून परत येऊन डोळ्यांत जाई. वाऱ्यात मीठ असे आणि त्याने दादूसचे ओठ फुटत. तो खोबरेल लावायचा आणि पुन्हा फुंकायचा. ओहोटीला चिखल उघडा पडला की खेकडे बाहेर येत, आणि पहिला सूर निघाला की सगळे एकदम बिळात. ‘बघ, पब्लिक पळाली,’ तो म्हणायचा.

वाशीला एका वरातीत त्याला मास्तर भेटले. मास्तर म्हणजे ऑगस्टीन मास्तर, गोव्याचे, तेव्हाच म्हातारे. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे, मग सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात, आणि मग काम सरलं तसे सिडकोच्या एका खोलीत येऊन राहिले. वरात त्यांच्या बाल्कनीखालून चालली होती. ते गंजीवरच खाली उतरले आणि बँडच्या मधे घुसून त्यांनी दादूसचा दंड धरला.

‘ए कॉर्नेट! किसने सिखाया?’

‘कुनी नाय.’

‘दिखता है. तू गलत बजाता है, मॅन. लेकिन अच्छा गलत बजाता है. संडे को आ.’

पुढे कितीतरी रविवार दादूस वाशीला गेला. आई मास्तरांसाठी सुके बोंबील द्यायची, आणि तो डबा घेऊन मीही कधी कधी जायची. खोलीत एक कॉट, एक तबकडीयंत्र आणि भिंतीला टेकवलेल्या तबकड्या. मास्तर एक तबकडी लावत. कुठल्यातरी परक्या गावातला, कधीच मेलेला माणूस खरखरीतून कॉर्नेट वाजवायचा, आणि दादूस मान खाली घालून ऐकायचा. मग मास्तर त्याला खोलीभर चालवत. ‘एक पाँव आगे. दुसरा लेट. और लेट! गाडी पकडना है क्या तेरेको?’ दादूस लंगडत चालायचा, मास्तर टाळ्या देत, मी हसून लोळायची. हा जॅझ आहे हे मला सांगण्यात आलं. मला वाटलं, पाय मुरगळल्यावर माणूस चालतो तसं काहीतरी असणार.

‘ट्यून तो रेडिओ भी बजाता है,’ मास्तर म्हणायचे. ‘तू कायको बजाता है?’ दादूस नळी उलटी करून पाणी झटकायचा.

मास्तर कॉर्नेटच्या तोंडाशी आपली हॅट धरून आवाज दाबायचे, सोडायचे. दादूसकडे हॅट नव्हती. त्याने नारळाची अर्धी करवंटी काचेने घासून गुळगुळीत केली आणि ती धरली. ती पुढेमागे हलवली की कॉर्नेट माणसासारखा बोलू लागायचा. कधी रुसल्यासारखा, कधी कुणाला पलीकडच्या खोलीतून समजावल्यासारखा. गावातली पोरं त्याला ‘रडका बाजा’ म्हणायची. गजूशेठ म्हणायचे, ‘जनू, ही करवंटी लग्नात नको हां. लोक बोलतील, बँडला धड बाजा घ्यायला पैसं नाय, नारल वाजवतान.’

ती लग्नसराई मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी होते तेव्हाची. रिकामे पाय, आणि रोज कुठे ना कुठे मंडप. जांभळीच्या ओल्या डहाळ्यांचा वास, तांदळाच्या पिठाचा वास, हळदीत मिसळलेल्या तेलाचा, आणि त्यावर बँडवाल्यांच्या अंगातल्या लाल कोटांचा घामट, कपाटातला वास. दादूस त्या कोटात उकडून निघायचा. मी त्याला पाणी नेऊन द्यायची, आणि परत येताना मुद्दाम हळू चालायची, सगळ्यांनी बघावं म्हणून : हा माझा भाऊ.

आमच्या लग्नांत धवलारीण लागते. भटजी नंतर येतो, आधी ती. मंडपात बसून ती धवले गाते, म्हणजे गाण्यातून एकेका देवाला लग्नाला बोलावते. गावदेवी, खाडी, उंबर, घरातले गेलेले म्हातारे, सगळ्यांना नावं घेऊन. ते चालू असताना बँड गप्प. स्पीकर गप्प. कुणी मोठ्याने बोलायचं नाही, आणि बोलावणं मधे तुटायचं नाही, कारण अर्ध्यावर तुटलेलं आमंत्रण घेऊन देव तरी कसा येणार? हे लहानपणापासून ऐकलेलं. कुणी समजावून सांगितलं नव्हतं, पायातल्या चपला मंडपाबाहेर काढाव्यात तसं ते ठाऊक होतं.

तेव्हाची धवलारीण म्हणजे चांगूआय. अंगाने काडी, आवाज जात्यासारखा. घणसोलीपासून उरणपर्यंत तिला नेत. त्या वर्षी तिला दमा लागला होता.

माझ्या चुलतबहिणीची हळद, आमच्याच अंगणात, दुपार कलताना. चांगूआय गात होती. उंबराला बोलावून झालं, खाडीचं नाव घेतलं, आणि ओळीच्या मधेच तिचा दम गेला. छाती वरखाली होऊ लागली. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी उठेना, कुणी पाणी देईना, कारण बोलावणं चालू होतं आणि बंदही पडलं होतं.

कडुलिंबाखाली बँड बसला होता. तिथून एक सूर आला. चांगूआयने जो सोडला होता तोच, करवंटीत दाबलेला, इतका बारीक की आधी मला वाटलं तिचाच आवाज परत आला. दादूसने तो धरून ठेवला. ताणला नाही, सजवला नाही. चांगूआयने दम घेतला, त्या सुरावर बोट ठेवल्यासारखी आली आणि पुढची ओळ गाऊ लागली. थोड्या वेळाने पुन्हा दम गेला. पुन्हा त्याने धरला. या वेळी मात्र तो नुसता थांबला नाही. तिने ओढलेला शब्द त्याने जरा उशिरा, जरा लंगडत परत म्हटला, जसा मास्तरांच्या खोलीत चालायचा तसा. चांगूआयची मान हलली.

धवला संपला. गजूशेठचा चेहरा पांढरा पडला होता. चांगूआयने डोळे बारीक करून कडुलिंबाकडे पाहिलं.

‘कोन रं त्यो?’

‘मी, जनू. चुकला काय गो आय?’

‘मना इचारतंस चुकला काय? माजा दम परत गेला तं परत असाच धर. आनि त्यो नारल टाकू नको.’

तिथून पुढे ती जाईल तिथे तो. लोक आधी बिचकले, मग सवयीने थांबून ऐकू लागले, मग त्याच्यासाठीच येऊ लागले. ‘जनू कॉर्नेट हाय काय? मग तोच बँड पाह्यजे.’ माणसाचं नाव कसं मोठं होतं ते मी त्या वर्षी जवळून बघितलं. त्यात त्या माणसाचा हात फारसा नसतो. कुणी म्हणालं, हा गोव्याला जाऊन शिकून आला. कुणी म्हणालं, याचा कॉर्नेट बोटीवरच्या गोऱ्या साहेबाचा आहे. नेरूळची एक बाई आईला सांगून गेली की याने वाजवलं आणि तिची अडलेली गाय सुटली. आई म्हणाली, ‘माज्या घरान इतका वाजवतंय, माजी गुडघं नाय सुटली.’ मी प्रत्येकाला दुरुस्त करायची. नाही, गोव्याला नाही, वाशीला. नाही, साहेबाचा नाही, गजूशेठचा जुना. मला तेव्हाही चुकीची माहिती चालायची नाही. लोक मान हलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा साहेबच सांगायचे.

आता इतक्या वर्षांनी मीच अडते. तो वाजवायचा तेव्हा कसं वाटायचं, असं केतकीने विचारलं तर मला त्या अंगणातला प्रत्येक तांब्या कुठे होता ते सांगता येतं. कोण कुठे बसलं होतं, कुणाच्या लुगड्याचा काठ कोणता, सगळं. आवाज मात्र आठवत नाही. आवाजाच्या जागी मला दादूसचे गाल दिसतात आणि करवंटीवरची त्याची चार बोटं. डोळे मिटून मी तो सूर लावायला बघते तेव्हा आत नुसती हवा असते.

त्या हळदीची व्हिडिओ कॅसेट आहे. माझ्या चुलतबहिणीने ती परवा कुणाकडून तरी मोबाइलवर घेऊन आम्हाला पाठवली. केतकी आणि मी सोफ्यावर बसून पाहिली. पट्ट्यापट्ट्यांच्या चित्रात आमचं अंगण, चांगूआय, मग कॅमेरा फिरून कडुलिंबाखाली. दादूस. कोवळा, मिशीची नुसती रेघ, गाल फुगलेले, डोळे म्हातारीवर.

‘आई, हे काय वाजवतोय मामा?’

‘धवला.’

‘पण हे तर पिक्चरचं गाणं आहे.’

होतंच. तेव्हा व्हिडिओवाल्यांची ती पद्धत होती. मूळ आवाज पुसायचा आणि वर सिनेमाची गाणी घालायची. तेव्हा तेच चांगलं काम मानलं जायचं. अंगणातला गोंधळ, भांडी, पोरांची रडारड कुणाला हवी? आम्हीच त्याला सांगितलं असणार, गाणी चांगली टाक. तर दादूस वाजवतोय, चांगूआयचे ओठ हलताहेत, आणि वर कुठल्यातरी बागेतलं प्रेमगीत चाललंय. त्या सबंध मोसमातलं त्याचं वाजवणं जिथे जिथे टिकलं, तिथे असं टिकलं.

केतकीने ते तीनदा पाहिलं. मग म्हणाली, ‘मला हे ऐकायचंय. माझ्या हळदीला धवले म्हणायला बाई ठरल्यात ना? मग मामा त्यांच्याबरोबर वाजवेल. तू सांग त्याला.’

तिला पुढचं ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं, आणि आमच्या घरात ते कुणी बोलत नाही.

त्याच मोसमाच्या शेवटाकडे उरणच्या पुढच्या एका गावात एका मुलाची हळद होती. चांगूआय होती, दादूस होता, सगळं उत्तम झालं. लग्न लागलं. नवरा कंटेनरच्या गोदामात कामाला होता. नवरीच्या हातची हळद फिटायच्या आत, कामावर जाताना, रस्त्यावर ट्रेलरखाली त्याची मोटारसायकल गेली.

कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं असेल. कोण, ते आम्हाला कधी कळलं नाही. बोलावणं चालू असताना मधे बाजा घुसला. देवांना वाटलं, बोलावणं संपलं. ते आले नाहीत, पोराच्या पाठीशी कुणी नव्हतं. हे कुणी आमच्या तोंडावर बोललं नाही. फक्त पुढच्या हळदीला गजूशेठ आले आणि म्हणाले, ‘जनू, जरा आराम कर. ओठ सुजल्यान तुजे.’ त्याचे ओठ सुजले नव्हते. त्याच्या पुढच्या हळदीला ते आलेच नाहीत. जे लोक साहेबाचा कॉर्नेट म्हणायचे ते आता काहीच म्हणेनात. रस्त्यात भेटले की जास्त गोड बोलायचे. ‘काय जनू, बरा हाय ना?’ आणि एखादी बाई, लग्नाची पोर बरोबर असली तर, तिला हळूच दुसऱ्या बाजूला घ्यायची.

आरोप केला असता तर उत्तर देता आलं असतं. मी तशी उत्तरं मनात तयारही केली होती : त्याआधी किती लग्नांत त्याने वाजवलं, किती जोडपी सुखात आहेत, सगळी नावानिशी. ती सांगायला माणूसच समोर येत नव्हता.

आई शेवटी उरणपुढच्या त्या घरी गेली, मला घेऊन. मेलेल्या पोराची आई ओटीवर बसली होती. आमची आई तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, ‘बाय, माज्या पोरावर तुजा राग हाय काय?’

त्या बाईने आईचा हात धरला. ‘मी तुज्या पोराला काय बोललेली नाय. कोनालाच काय बोललेली नाय.’ आणि आम्हाला चहा दिला. आम्ही तो प्यालो. येताना बसमध्ये आई म्हणाली, ‘चार शिव्या दिल्या असत्या तं बरा झाला असता.’

चांगूआयने आपल्या परीने सांगितलं. मी देव बोलावलेले, ते आयलेले, मना म्हाईत हाय. लोक म्हणाले, म्हातारी पोराला सांभाळून घेते. मास्तर वाशीहून रिक्षा करून आले, कोट घालून. आमच्या ओटीवर बसून म्हणाले, ‘मैं जा के बात करता हूँ. किससे बात करूँ, बोलो?’ आम्हाला नाव देता आलं नाही. ते थोडा वेळ बसले, दादूसच्या गुडघ्यावर हात ठेवून, आणि गेले.

मग पाऊस आला, लग्नं थांबली, आणि पुढच्या मोसमात गजूशेठच्या बँडमध्ये दादूसच्या जागी एक ट्रम्पेटवाला होता. दादूसला प्रकल्पग्रस्त म्हणून कंपनीत नोकरी लागली. त्याने लग्न केलं, घर वाढवलं, खोल्या भाड्याने दिल्या, नुकताच निवृत्त झाला. मास्तर गेले तोवर तरी तो कॉर्नेट खाडीवर नेऊन वाजवायचा. नंतरचं मला माहीत नाही. त्याने कुणाला दोष दिला नाही आणि कुणाच्या हळदीला जाणं सोडलं नाही. पंगतीत वाढायला तोच पुढे असतो. आज गावातली तरणी पोरं त्याच्याबद्दल सांगतात की जनूकाका वाजवायचे तेव्हा खाडीची भरती थांबायची. ते बंद का झाले, असं विचारलं की त्यांच्या आया विषय बदलतात.

यंदा त्याचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले. डॉक्टर मीच शोधले, वेळ मीच घेतली. लग्न झालं की ते काढायचे आणि ब्रिज बसवायचा. मी डॉक्टरांना विचारलं, ‘वाजवता येईल का नंतर?’ त्यांनी विचारलं, ‘काय?’ मी सांगितलं. ते म्हणाले, ‘जेवता येईल. बाकीचं मी कसं सांगू?’

म्हणजे एवढे दिवस उरले आहेत. केतकीच्या हळदीला कॉर्नेट वाजला तर वाजला. त्यानंतर तो आवाज ऐकलेली माणसं आहेत तेवढीच, आणि त्यांच्यातल्या माझ्यासारखीला तो आठवत नाही.

मागच्या आठवड्यात पहिली पत्रिका मामाला द्यायला मी घणसोलीला गेले. गल्लीत भाडेकरूंच्या स्कूटर, वर कपड्यांच्या दोऱ्या, आणि घरांच्या डोक्यावर पलीकडचे टॉवर. दादूस पाण्याची मोटर उघडून बसला होता. पत्रिका त्याने हात धुऊन घेतली, कपाळाला लावली. मी ठरवून आले होते : विचारायचं, सरळ. रिक्षात बसताना वाक्यही तयार होतं. पण रस्त्याने येताना मला केतकी दिसू लागली होती, हळद लावलेली, मंडपात, धवला चालू, आणि मधे करवंटीतून निघालेला तो सूर. मग माझा होणारा जावई दिसला. तो रोज मोटारसायकलने पनवेलवरून कामाला जातो. मी तसलं काही मानत नाही. माझ्या ऑफिसात मांजर आडवं गेलं म्हणून फॉर्म उद्या भरते म्हणणाऱ्या पोरीला मी हसले आहे. पण तो रस्ता डोळ्यांपुढून हलेना.

दादूसने मला जेवणाचं विचारलं, मंडपाचं विचारलं. मी सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, ‘आजून काय?’

मी म्हटलं, ‘काही नाही.’

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मोटरचा स्क्रू पिळायला घेतला.

आज रविवार. सकाळी केतकीने माझ्या समोर फोन ठेवला आणि स्पीकर लावला. ‘तुला जमत नाही ना? मी विचारते.’ मी तिला अडवायच्या आत पलीकडून आवाज आला.

‘बोल गो केतकी.’

‘मामा, माझ्या हळदीला कॉर्नेट वाजवशील? धवल्यात?’

पलीकडे कुणाच्या तरी खोलीतला कुकर वाजत होता.

‘तुजी आई कुठं हाय?’

‘ही काय, इथेच.’

‘ती काय बोलतं?’

केतकी माझ्याकडे बघत होती. मी लगेच म्हणाले, ‘वाजव ना दादूस. त्यात विचारायचं काय?’ ऑफिसात बोलते तसं, स्पष्ट.

तो म्हणाला, ‘परत बोल.’

‘वाजव म्हटलं. सगळ्यांना आवडेल.’

‘नको गो बाय,’ तो म्हणाला. समजुतीनेच म्हणाला. ‘तुजा आवाज कापतंय. मना आयकू येतंय.’ आणि मग हसला. ‘आनि मामाला काय कमी कामं हायत? उंबराची डहाळी कोन आननार, पोरीला मंडपान कोन नेनार? हात रिकामं पाह्यजेत. सकाली कवा येव, ता सांग.’

मी वेळ सांगितली. तो म्हणाला, ‘येतू.’ फोन बंद झाला.

‘तू हो म्हणालीस ना?’ केतकी म्हणाली.

‘म्हणाले.’

‘मग त्याने नाही का म्हटलं?’

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, उरणच्या पुढचं ते गाव, तो मुलगा, तो चहा. सांगून झाल्यावर तिने विचारलं, ‘तुला खरं वाटतं हे?’

‘नाही.’

‘मग पुन्हा फोन कर. आधी मला म्हणून दाखव, नीट. मग त्याला म्हण.’

मी फोन हातात घेतला. पाणी प्याले. ‘वाजव, दादूस,’ मी म्हणाले.

‘पुन्हा.’

‘वाजव, दादूस.’

केतकी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिसऱ्यांदा म्हटलं, जेवढं सरळ म्हणता येईल तेवढं. तिने माझ्या हातातला फोन काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.